बोलावणं कुणाला येतं?

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या वहिनी मराठीच्या शिक्षिका. ठाण्याच्या या इमारतीत आम्ही अठरा वर्षं समोरासमोर राहतोय. गणपतीत त्यांच्याकडचे मोदक आमच्याकडे येतात, नाताळात आमच्याकडच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. गेल्या जूनमध्ये माझी भाची, पदवी हातात पडल्या पडल्या, सिस्टर होण्यासाठी कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाली. निघण्याआधी ती आम्हाला भेटायला आली, तेव्हा वहिनींनी तिच्या हातावर साखर ठेवली. ती लिफ्टने खाली गेल्यावर मात्र त्या दारातच थांबल्या.

"भाऊजी, रागावू नका, पण विचारते. एवढी हुशार मुलगी. घरात काही कमी नाही. मग तिला कुणी असं काय सांगितलं, की ती सगळं सोडून निघाली?"

"तिला पाचारण आलं, वहिनी," मी म्हटलं.

"म्हणजे नेमकं काय आलं?"

मी चार वाक्यं बोललो आणि दार लावून घेतल्यावर जाणवलं की त्यातलं एकही धड नव्हतं. देवाचं बोलावणं, आतली ओढ, सेवेचं जीवन. शब्द सगळे खरे, पण ज्याला ते आधीच ठाऊक आहेत त्यालाच कळावेत असे. म्हणून आता सावकाश लिहून काढतोय.

वहिनी भाषेच्या बाई, तेव्हा सुरुवात शब्दापासून. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मुलगा सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण घ्यायला गेला किंवा मुलगी मठात गेली की 'पाचारण आहे' असं म्हणतात. इस्टरनंतरचा एक रविवार तर पाचारणाचाच रविवार. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली ही प्रथा घातली. त्या दिवशी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर मुलांना विचारतात, "कोण कोण फादर होणार? सिस्टर कोण होणार?" आणि पुढच्या बाकांवरून भराभर हात वर जातात.

हाच शब्द वर्तमानपत्रात दुसरीकडे भेटतो. 'आग लागल्याचे कळताच अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले.' दरड कोसळली, इमारत खचली, की कुणाला तरी पाचारण होतं. मला हा वापर ख्रिस्ती अर्थाच्या फार जवळचा वाटतो. अग्निशमन दलाला कुणी सत्काराला बोलावत नाही. कुठेतरी कुणीतरी धुरात अडकलेलं असतं, म्हणून बोलावतात. बोलावणाऱ्याच्या हाकेत त्या अडकलेल्या माणसाची हाक मिसळलेली असते.

बायबलमधलं मोशेचं पाचारण बघा. मोशे रानात सासऱ्याची मेंढरं चारतोय. एक झुडूप पेटलेलं दिसतं, पण ते जळून राख होत नाही, म्हणून तो जवळ जातो. तिथे देव त्याच्याशी बोलतो, आणि काय बोलतो? मिसर देशात माझ्या लोकांचे हाल मी पाहिलेत, त्यांचा आक्रोश माझ्या कानावर आलाय. तर आता तू जा, मी तुला पाठवतो. आधी दुसऱ्याचं दुःख, मग 'तू जा'. मोशे टाळायला बघतो. मी कोण जाणारा, मला धड बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, असं सगळं म्हणून पाहतो. बायबलमध्ये कितीतरी जणांनी पहिल्या हाकेला नकारच दिलाय. 'मला जमणार नाही' असं वाटणं हे पाचारण नसल्याचं लक्षण मानू नये, एवढं तरी त्यावरून कळतं.

शब्दाची आणखी एक गंमत सांगतो, वहिनींना आवडेल. 'चर्च' या अर्थाचा बायबलमधला ग्रीक शब्द एक्लेसिया. त्याच्या मुळाशी 'हाक मारून बाहेर बोलावलेले लोक' असा अर्थ आहे. लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये जाताना त्याचं इग्रेजा झालं आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरल्यावर इगर्जी. जुनी माणसं 'इगर्जीत जाऊन येतो' म्हणायची, तेव्हा त्या शब्दाच्या पोटात हाक दडलेली आहे हे त्यांना कुठे माहीत होतं? मलाही ते पन्नाशीत कळलं.

आता गैरसमजाकडे येऊ, कारण तो आमच्यातही खोल रुजलाय: पाचारण फक्त फादर आणि सिस्टर लोकांना, बाकीचे आपले संसारी. युरोपात मध्ययुगात ही समजूत घट्ट झाली होती. मठात गेला तो बोलावलेला. शेतकरी, चांभार, लेकुरवाळी बाई यांचं आयुष्य एक पायरी खालचं. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ही उतरंड मोडायला घेतली. श्रद्धेने बाळाची दुपटी धुणारा बापसुद्धा देवाचंच काम करतो, असं त्याने १५२२ साली लिहिलं. लोक हसले तर हसू देत, देव त्या बापाकडे बघून आनंदाने हसतो, असंही त्यात आहे. कॅथलिक चर्चमध्ये ही गोष्ट ठळकपणे मांडली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झालेल्या तिच्या एका मुख्य दस्तऐवजात एक अख्खं प्रकरण याच विषयाला दिलंय: पवित्र होण्याचं बोलावणं प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे, मग तो कुठल्याही कामाधंद्यात असो.

म्हणजे मूळ बोलावणं एकच, देवावर आणि माणसांवर प्रेम करण्याचं. तिथे माझी भाची आणि मी एकाच रांगेत उभे आहोत. त्या मुळातून मग फांद्या फुटतात. कुणाला लग्न, कुणाला मठ, कुणाला एकटं राहून काम. फांदी वेगळी म्हणून मूळ वेगळं होत नाही.

माझं मूळ गाव वसईचं, आणि वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकातला वसईचा मुलगा. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट या धर्मसंघाच्या फादरांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा आत्मसात केली. त्याला जेझुइट व्हायचं होतं. वर्षानुवर्षं वाट पाहिली, पण त्याला संघात घेतलं नाही. मग त्याने व्यापार धरला आणि त्यात त्याचं चांगलं बस्तानही बसलं. पुढे मनिलाला तो फ्रान्सिस्कन संघात गेला, तोही ब्रदर म्हणून. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. तरुणपणी शिकलेल्या जपानी भाषेमुळे दुभाषा म्हणून त्याला पुन्हा जपानला पाठवलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आलं त्यांत तोही होता. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. आमच्याकडे त्याचं नाव घेताना शेवटचा दिवसच तेवढा सांगतात. मला मधली वर्षं जास्त बोलतात. हवं ते दार बंद झालं, तरी या माणसाने स्वतःला 'नाकारलेला' ठरवलं नाही. दुकान सांभाळलं, माणसं सांभाळली, आणि हाक पुन्हा आली तेव्हा उठून गेला.

संसारी माणसाचं उदाहरण हवं असेल तर फ्रेडरिक ओझानामचं घ्या. पॅरिसमध्ये १८३३ साली हा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत असे. कुणीतरी टोचून विचारलं, पूर्वी तुमच्या चर्चने खूप केलं, आज तुम्ही गरिबांसाठी काय करताय? त्याला उत्तर देता आलं नाही. तो आणि त्याचा एक मित्र उठले आणि आपल्याजवळची जळणाची लाकडं एका गरिबाच्या घरी देऊन आले. त्यातून विन्सेंट द पॉल सोसायटी उभी राहिली. आज आपल्याकडे कितीतरी पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, तिच्या शाखा आहेत. घरोघर जायचं, रेशन पोचवायचं, बसून दोन शब्द बोलायचे. ओझानाम पुढे प्राध्यापक झाला, त्याने लग्न केलं, मुलीचा बाप झाला.

मग भाचीला कळलं कसं, हा वहिनींचा खरा प्रश्न. आकाशवाणी वगैरे काही झालेली नाही. बायबलमधल्या लहान शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते तेव्हा तो तीनदा धावत म्हाताऱ्या एली याजकाकडे जातो, कारण त्यानेच बोलावलं असं त्याला वाटतं. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येतं की हाक देवाची असावी. म्हणजे आपली हाक ओळखायला दुसऱ्या अनुभवी माणसाची मदत लागते. लोयोलाचा इग्नेशियस हा स्पेनचा सैनिक १५२१ साली तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं बघायचा, कधी संतांची चरित्रं वाचून तसं जगायची. दोन्ही विचार येताना गोड. पण पहिला ओसरला की मन कोरडं पडायचं, दुसरा ओसरल्यावरही समाधान टिकायचं. मनाची ही पारख त्याने पुढे शास्त्रासारखी मांडली. आजही मठात जाणाऱ्या मुलीला हेच विचारतात: हे मनात आल्यावर नंतर काय उरतं? घाई आणि भीती, की शांतता?

आणि चर्चही घाई करत नाही. आधी काही काळ नुसतं तिथे राहून बघायचं. नंतर नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ, तो किमान बारा महिने. त्यानंतरची व्रतंही आधी तात्पुरती, निदान तीन वर्षं, आणि मग आजन्म. मधल्या कुठल्याही टप्प्यावर मुलगी घरी परतू शकते आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. परत आलेल्या मुलींकडे आपल्या समाजात अजूनही वाकड्या नजरेने बघतात याचं मला फार वाईट वाटतं. पारख करून परत येणं हीसुद्धा पारखच आहे.

इथवर बोलावण्याबद्दल झालं. आता प्रेमाबद्दल, कारण सगळा कस तिथे लागतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या प्रकरणात गालीलच्या सरोवराकाठी पहाटेचा एक प्रसंग आहे. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र अंगणात निखाऱ्यांपाशी शेकत उभा होता आणि तिथे त्याने तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. आता पुन्हा उठलेला येशू किनाऱ्यावर मासे भाजतोय, आणि योहान पुन्हा कोळशाच्या निखाऱ्यांसाठी तोच ग्रीक शब्द वापरतो. त्या शेकोटीपाशी येशू पेत्राला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस का? तीन नकारांना तीन प्रश्न. खाल्लेल्या मिठाची आठवण नाही, जाब नाही. पेत्र दरवेळी हो म्हणतो आणि येशू दरवेळी एकच काम सांगतो: माझी मेंढरं चार.

इथे ग्रीकमध्ये प्रेमाचे दोन शब्द आलेत. येशू पहिल्या दोन वेळा अगापे या जातीच्या प्रेमाबद्दल विचारतो आणि पेत्र उत्तर देतो ते फिलिया, म्हणजे मैत्रीच्या जिव्हाळ्याच्या शब्दाने. तिसऱ्यांदा येशूच पेत्राचा शब्द उचलतो. हा फरक मुद्दाम केलेला आहे की नुसती भाषेची शैली, यावर अभ्यासक एकमत नाहीत. मला मात्र त्यात देव माणसाच्या पायरीवर उतरून आलेला दिसतो. तुला जेवढं जमतं तेवढ्यापासून सुरू करू, असं म्हणणारा.

अगापे म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं म्हणून केलेलं प्रेम. तो मला आवडतो का, परतफेड करेल का, माझ्या नात्यातला आहे का, यावर ते अवलंबून नसतं. आईच्या मायेशी त्याचं जवळचं नातं आहे, पण आई आपल्या लेकरासाठी झिजते. अगापेला परक्याचं लेकरूही तेवढंच आपलं असतं, आणि येशू तर शत्रूचंही नाव घेतो. भावना येतात आणि जातात, त्यांना हुकूम सोडता येत नाही. हे प्रेम हातापायांनी करायचं असतं, म्हणून त्याची आज्ञा देता येते.

त्याच शेकोटीपाशी येशू पेत्राला पुढे म्हणतो, तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील, दुसरा कुणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिथे नेईल. हे पेत्राच्या मरणाबद्दल आहे, असं योहान लगेच सांगतो. पण आध्यात्मिक प्रौढपणाचं याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही. आपण एरवी प्रौढ कुणाला म्हणतो? ज्याला स्वतःचं स्वतः ठरवता येतं त्याला. इथे उलट गणित आहे. प्रेमापोटी, स्वतः न निवडलेल्या ठिकाणी जाता येणं म्हणजे मोठं होणं.

तलावपाळीला संध्याकाळी फेरी मारताना, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या बाजूला आलो की मला एका अशाच माणसाची आठवण येते. सातशे वर्षांपूर्वी जॉर्डन नावाचा डॉमिनिकन संघाचा एक फ्रेंच धर्मगुरू चार फ्रान्सिस्कनांबरोबर जहाजाने निघाला होता. जायचं होतं दक्षिणेला कोल्लमकडे. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणून सोडलं. जॉर्डन कामासाठी गुजरातच्या दिशेने गेला असताना, एप्रिल १३२१ मध्ये, इथल्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्याच्या चारही सोबत्यांना मारण्यात आलं. टोलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती म्हणून ते चौघे चर्चच्या इतिहासात ओळखले जातात. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं मन अडकतं ते मागे उरलेल्या जॉर्डनपाशी. त्याने परत येऊन मित्रांचे देह गोळा केले, सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि तो या किनाऱ्यावर राहिला. ठाण्याहून त्याने लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. हालअपेष्टा सांगतो, आणखी धर्मबंधू पाठवा म्हणतो. परत बोलवा असं म्हणत नाही. जिथे यायचंच नव्हतं त्या ठाण्यात त्याने ती वर्षं काढली. पुढे १३२९ साली त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

प्रौढपणाबद्दल आणखी बोलायला हवं, कारण इथे माझी स्वतःची बरीच फसगत झालेली आहे.

करिंथ शहरातल्या मंडळीला संत पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय आमच्या लग्नांत हमखास वाचतात. प्रीती सहनशील आहे, हेवा करत नाही, फुगत नाही. नवरानवरीकडे बघून सगळ्यांचे डोळे ओले होतात. पण पौलाने तो लग्नासाठी लिहिलेला नव्हता. करिंथची मंडळी गटागटांत फुटली होती. कुणाला भाषांचं दान, कुणाला ज्ञानाचं, आणि कोण मोठा यावरून चढाओढ. त्यांना पौल सांगतो की देवदूतांच्या भाषा बोललो, सगळं धन वाटून टाकलं, देह जाळायला दिला, तरी प्रीती नसेल तर मी काहीच नाही. आणि त्याच ओघात म्हणतो, मूल होतो तेव्हा मुलासारखा बोलायचो. मोठा झाल्यावर पोरपणाच्या गोष्टी टाकून दिल्या. म्हणजे पौलाच्या लेखी पोरकट कोण? जे धार्मिक बाबतीत सगळ्यात पुढे होते, तेच.

मी तसाच होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पॅरिशमधले आम्ही काही जण एका रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना दर शुक्रवारी जेवणाचे डबे द्यायचो. सगळी जुळवाजुळव माझ्याकडे. दोन वर्षं मी एकही शुक्रवार चुकवला नाही. मग सणाच्या दिवशी आभाराचं भाषण झालं, मंडप घालणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेतली गेली आणि माझं राहून गेलं. मुद्दाम नव्हतं, हे आज कळतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी आजारी असल्याचं कळवलं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी काहीच कळवलं नाही. तीन महिने गेलो नाही. त्या तीन महिन्यांत मी रोज रोजरीची जपमाळ म्हणत होतो, रविवारी वाचन करत होतो. डबे कोण नेतंय हे विचारावं असं मात्र एकदाही मनात आलं नाही.

डबे एक मावशी नेत होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखरे. आम्ही त्यांना कधी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं. मला ते कळलं आणि लाज वाटून मी परत गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "बरं वाटतंय का आता?" दुसरं काही नाही. डबे वाटून झाल्यावर त्या कळव्याला एका चाळीत जायच्या. म्हणाल्या, रिकामा असशील तर ये बरोबर.

चाळीत एक म्हातारी एकटी राहत होती. मावशींनी गेल्या गेल्या स्टोव्हवर पाणी ठेवलं. कोमट झाल्यावर प्लास्टिकच्या टबात ओतून मूठभर मीठ टाकलं आणि म्हातारीचे पाय त्यात सोडले. पंधरा मिनिटांनी त्या जमिनीवर बसल्या, एक पाय मांडीवर जुन्या टॉवेलवर घेतला आणि नखं कापायला लागल्या. म्हातारपणी पायाची नखं शिंगासारखी जाड होतात, पिवळी पडतात, बाजूने मांसात वळतात. नेलकटरचं तोंड त्यावर बसतच नाही. मावशींकडे एक छोटी वाकड्या पात्याची कात्री होती. एकेक नख तीन-चार वेळा थोडं थोडं कापायचं, बोटाने चाचपून बघायचं, टोक राहिलं तर कानसने घासायचं. म्हातारी पूर्ण वेळ कुरकुरत होती. मागच्या खेपेला अंगठ्याला लागलं. तुझे हात गार आहेत. त्या अमुक बाईसारखं तुला जमत नाही. मावशी मध्येच म्हणायच्या, "कुठे लागलं, दाखव बघू." शेवटी खोबरेल तेल लावून झालं. आम्ही निघालो तेव्हा म्हातारी म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी वेळेवर ये. नेहमी उशीर करतेस."

रिक्षात मी विचारलं, "मावशी, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

त्यांनी थोडा विचार केला. "पहिल्या वर्षी वाटायचं," म्हणाल्या.

पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. त्या काळी ते घरातल्या गुलामाचं काम होतं, म्हणून तर पेत्र पाय मागे घेतो. चर्चमध्ये निवडलेले बारा जण बसतात, फादर त्यांचे पाय धुतात. मीही एकदा त्या बारांत बसलोय आणि आदल्या रात्री पाय घासून, नखं कापून गेलो होतो. पोप फ्रान्सिस २०१३ साली निवडून आले, त्याच वर्षी हा विधी त्यांनी रोमच्या बालसुधारगृहात जाऊन केला. पाय धुवून घेणाऱ्यांत मुली होत्या, मुस्लीम मुलंही होती. त्या विधीचा अर्थ तेव्हा डोक्याला कळला होता. हातांना कळला तो कळव्याच्या त्या खोलीत.

मावशींचं ते 'पहिल्या वर्षी' हे प्रौढपणाचं वय आहे. सुरुवातीला सेवेत गोडी असते, लोकांची शाबासकी असते, प्रार्थनेत डोळे भरून येतात. मग हे सगळं आटतं, आणि माणसाला वाटतं आपली श्रद्धाच आटली. आमच्या परंपरेतली अनुभवी माणसं सांगतात की हा आटण्याचा काळ पुढे जाण्याचा असू शकतो. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या वाटेवर रेल्वेत गरिबांत जाऊन राहण्याची हाक ऐकू आली. त्या वेळी त्या सिस्टर होत्याच. हे पाचारणाच्या आतलं दुसरं पाचारण, असं त्या म्हणायच्या. पण काम सुरू झाल्यावर, पुढची जवळजवळ सगळी वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवलंच नाही. त्यांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. मला धीर आला. काही जाणवत नसताना त्या रोज पहाटे उठून रस्त्यावरच्या माणसाकडे जात राहिल्या.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी, कारण 'निःस्वार्थ सेवा' हा शब्द आपल्याकडे बायकांवर फार सहज टाकला जातो. सुनेने सोसायचं, सिस्टरांनी गप्प राहायचं, कामवालीने देवाचं काम म्हणून फुकट राबायचं. याला पाचारण म्हणत नाहीत. येशूची आज्ञा शेजाऱ्यावर 'स्वतःसारखी' प्रीती करण्याची आहे, म्हणजे तिथे स्वतःही आहे. गर्दी मागे लागलेली असताना तो एकांतात निघून जायचा, झोपायचा, अन्याय दिसला की स्पष्ट बोलायचा. प्रेम देणाऱ्याने ते मोकळेपणी द्यायचं असतं. धाक घालून घेतलं की ती वेठबिगारी.

पंडिता रमाबाई या बाबतीत माझ्यासाठी सगळ्यात मोठं उदाहरण आहेत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण त्यांनी भुकेने गमावले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटकेही उडाले, कारण आपली सद्सद्विवेकबुद्धी कुणाच्या ताब्यात द्यायला त्या तयार नव्हत्या. इकडे सनातन्यांचा रोष, तिकडे चर्चमधल्या वरिष्ठांची नाराजी. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या आल्या तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. ज्या भुकेतून त्या स्वतः वाचल्या होत्या, त्या भुकेनेच त्यांना हाक मारली असं मला वाटतं. एवढी सेवा करणारी ही बाई कुणापुढे वाकली नाही. शेवटची वर्षं त्यांनी खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात घालवली.

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. महिन्यातून एकदाच करू देतात. वहिनी आमच्याकडेच होत्या, म्हणून मी स्पीकर लावला.

"काय गं, दिवसभर काय करतेस? प्रार्थनाच ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही काकू. प्रार्थना सकाळ-संध्याकाळ. मध्ये वर्ग असतो, आणि दुपारी स्वयंपाकघर." तिची जोडी एका वयस्कर सिस्टरांशी लावलीय. त्यांना तिचं काहीच पसंत पडत नाही. कांदा जाड चिरला, भात मऊ झाला, बांगडे नीट धुतले नाहीत. रोज काही ना काही.

"मग सांग ना तिथल्या मोठ्या सिस्टरांना, दुसरं काम द्या म्हणून."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

"सांगितलं होतं काकू, दुसऱ्या आठवड्यात. त्या हो म्हणाल्या, उद्यापासून बागेत जा म्हणाल्या." मग थोडं थांबून, "पण सिस्टरांचे हात थरथरतात ना. सुरी धरवत नाही त्यांना. त्या कुणाला सांगत नाहीत, मला दिसलं. म्हणून मीच म्हटलं, राहू दे, इथेच बरी आहे."

मागे घंटा वाजली. "येते हं मामा," म्हणाली आणि फोन ठेवला.